अमेरिकी नेत्यांनी गळ्यात केंटे हे घानाचं पारंपरिक वस्त्र घातलं, ती सांस्कृतिक चोरी होती का?

चोरी नाही, पण देखावा होता, असं माझं मत. जून २०२० मध्ये पेलोसी, शूमर वगैरे डेमोक्रॅट नेते, पोलिसाने मान दाबून मारलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या स्मरणार्थ ८ मिनिटं ४६ सेकंद गुडघे टेकून होते. तेव्हा गळ्यात घातलेले केंटेचे पट्टे त्यांना कृष्णवर्णीय खासदारांच्याच गटाने, काँग्रेशनल ब्लॅक कॉकसने दिले होते, म्हणजे परवानगीचा मुद्दा तिथेच संपतो. खटकतं ते वेगळंच. केंटे हे घानातल्या अशांती आणि एवे विणकरांचं, अरुंद पट्ट्या जोडून केलेलं मानाचं, सणासमारंभाचं वस्त्र. दुखवट्याला तिथे सहसा लाल-काळं नेसतात! अर्थात अमेरिकेतले कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीदानालाही हे पट्टे घालतात, त्यामुळे तिकडे त्याला स्वतःचा वेगळा अर्थ आलाय.