वाचकांचे प्रश्न : भांडणाऱ्या जोड्यांचे जुने चित्रपट

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुटीत घरी सगळे जमले असताना मुलाने १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ लावला. माझ्या सासूबाई घरात अहिराणीच बोलतात, इंग्रजी त्यांना येत नाही. मुलगा मधूनमधून अर्थ सांगत होता. नायक-नायिका नवरा-बायकोचे खोटे भांडण करतात त्या प्रसंगाला मात्र त्या खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, “आते यास्नं लगीन व्हईच.” जुने इतर विनोदी चित्रपट आम्हाला शिळे वाटतात. भांडता भांडता प्रेमात पडणाऱ्या जोड्यांचे, स्क्रूबॉल कॉमेडी म्हणून ओळखले जाणारे हे चित्रपट नव्वद वर्षांनंतरही ताजे कसे राहिले? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आपल्या सासूबाईंनी चित्रपटाचे मर्म नेमके ओळखले आहे. तो प्रसंग पुन्हा आठवून पाहावा. धनाढ्य बापाच्या नौकेतून मायामीत पाण्यात उडी टाकून पळालेली एली आणि नोकरी गमावलेला वार्ताहर पीटर न्यूयॉर्कच्या बसने निघाले आहेत, आणि वाटेतल्या खोलीच्या दारावर बापाने पाठवलेले गुप्तहेर येऊन ठेपतात. पीटर घाईघाईने तिचे केस विस्कटतो आणि बऱ्याच वर्षांच्या संसारी नवऱ्यासारखा बोलू लागतो. तिला काहीही समजावून सांगितलेले नसते, तरी ती क्षणात धागा उचलते. तो ओरडतो, ती भोकाड पसरते, आणि दुसऱ्याच्या घरगुती भांडणात आपण कुठे सापडलो, अशा अवघडलेपणाने गुप्तहेर काढता पाय घेतात. ते गेल्यावर दोघेही हसू लागतात. तोवर तो तिला लाडावलेली समजत होता आणि ती त्याला शिष्ट; या एका भांडणात दोघांनाही कळून चुकते, की समोरचे माणूस आपल्या तोडीचे आहे. प्रेमाचा एक शब्दही उच्चारला गेलेला नसतो.

माझ्या मते या चित्रपटांचे टिकाऊपण या बरोबरीत आहे. विनोद शिळा होतो तो बहुधा दुबळ्याला हसण्यामुळे. तोतरा, लठ्ठ, खेडवळ, बावळट नोकर अशांना हसण्याची सवय एका पिढीपुरती चालते, पुढच्या पिढीला ती खुपते. चांगल्या स्क्रूबॉल कॉमेडीत फजिती होते ती पैशाची, पदवीची आणि प्रतिष्ठेची. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या ‘द लेडी ईव्ह’मध्ये (१९४१) बार्बरा स्टॅनविक हातातल्या छोट्या आरशात भोजनगृहातील साऱ्या बायका आणि त्यांनी घेरलेला श्रीमंत हेन्री फोंडा न्याहाळते, प्रत्येकीच्या डावपेचांवर मनसोक्त भाष्य करते आणि तो जवळून जाऊ लागताच पाय पुढे करून त्याला सरळ आडवा पाडते. बुद्धी तिची, पुढाकार तिचा, पडणारा तो, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. याच चित्रपटांत कृष्णवर्णीय नोकरांना दिलेल्या भूमिका मात्र आज पाहवत नाहीत, आणि नेमके तेच भाग शिळे झाले आहेत.

दुसरे कारण निर्बंधांचे आहे. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० मध्ये स्वीकारलेली आचारसंहिता १९३४ च्या मध्यापासून काटेकोरपणे अमलात येऊ लागली आणि पडद्यावरची शारीरिक जवळीक जवळपास बंद झाली. जे दाखवता येत नव्हते, ते सारे लेखकांनी बोलण्यात ओतले, त्यामुळे या चित्रपटांतील वादावादी हाच प्रणयप्रसंग झाला. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘हिज गर्ल फ्रायडे’मध्ये (१९४०) एकाचे वाक्य संपण्याआधीच दुसऱ्याचे सुरू होते, तरी मुद्दा निसटत नाही; कारण वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मुद्दाम बिनमहत्त्वाचे शब्द ठेवलेले असत, जेणेकरून ते एकमेकांखाली दबले तरी बिघडू नये. हा चित्रपट ज्या १९२८ च्या नाटकावर आधारलेला आहे, त्यात संपादक आणि वार्ताहर दोघेही पुरुष होते. हॉक्स यांनी वार्ताहराला स्त्री केले, तीही संपादकाची घटस्फोटित पत्नी, आणि कार्यालयातल्या जुन्या कुरबुरींना एकदम संसाराची धार आली. सासूबाईंना शब्द कळले नसतील. पण आपल्याकडे लग्नात वरपक्षाच्या आणि वधूपक्षाच्या बायका गाण्यांतून एकमेकींना चिमटे काढतात, तेव्हा त्या टोल्या-प्रतिटोल्यांची लय ज्या कानाला ओळखीची झालेली असते, त्या कानाला ही लयही सहज ओळखू येते.

काळाचाही भाग आहेच. मंदीने गांजलेल्या अमेरिकेत १९३३ साली दर चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता, आणि श्रीमंतांची त्रेधा उडालेली पाहण्यात प्रेक्षकांना दिलासा मिळत असे. ‘माय मॅन गॉडफ्रे’ (१९३६) तर एका खेळात शोधून आणायची वस्तू म्हणून उकिरड्यावरच्या निराधार माणसाला उचलून नेणाऱ्या धनिकांपासून सुरू होतो. तो माणूस मूळचा चांगल्या घराण्यातलाच निघतो, तिथे त्या चित्रपटाने कच खाल्ली असे मला वाटते.

या परंपरेला आपण परके मुळीच नाही. पीटर-एलीची कथा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) या रूपांनी आपल्याकडे येऊन गेली. त्याहून मोलाचा वाटतो तो आचार्य अत्रे यांच्या कथेवरचा, मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’. तो १९३८ चा. त्याच वर्षी हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला. तिकडे डायनासोरच्या एका हाडासाठी आयुष्य वाहिलेला प्राध्यापक, इकडे ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेला औदुंबर, आणि दोघांचीही घडी विस्कटणारी धीट तरुणी. कोल्हापूर आणि हॉलिवूड यांनी एकमेकांचे न पाहता एकाच वर्षी असे चित्रपट करावेत, ही गोष्ट मराठी माणसाने अधिक अभिमानाने सांगायला हवी.

प्रश्न : यातल्या कित्येक नायिका घटस्फोट घेऊन शेवटी त्याच नवऱ्याकडे परततात. मग त्यांच्या स्वातंत्र्याला अर्थ काय उरला? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि आचारसंहितेला विवाहसंस्थेचा मान राखायचा होता, हेही खरे. तरीही लिओ मॅकेरी यांचा ‘द ऑफुल ट्रुथ’ (१९३७) बारकाईने पाहावा. घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याचा कुत्रा कोणाकडे राहणार याचा निवाडा न्यायालयात त्या कुत्र्यावरच सोपवला जातो, तेव्हा पत्नी झालेली आयरीन डन त्याचे आवडते खेळणे गुपचूप दाखवून त्याला आपल्याकडे वळवते. म्हणजे ताटातूट होत असतानाही दोघांचा खेळ संपलेला नाही. पहिले लग्न झाले होते ते एकमेकांवर विश्वास न ठेवता. मध्यरात्री घटस्फोट पक्का होण्याच्या आत दोघे पुन्हा एकत्र येतात ते एकमेकांचे खोटे ओळखून, आणि परतण्याआधी नवऱ्यालाही बदलावे लागते. स्टॅनली कॅव्हेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये अशाच पुनर्विवाहाच्या चित्रपटांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. ‘हिज गर्ल फ्रायडे’पुरता मात्र मी आपल्याशी सहमत आहे; तिथला संपादक शेवटपर्यंत तसाच राहतो, आणि नायिकेला परत मिळते ते तिचे काम.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटापासून करावी? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : ‘इट हॅपन्ड वन नाइट’पासून. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही ऑस्कर पारितोषिके मिळवणारा तो पहिला चित्रपट, आणि त्याची गती नवख्याला झेपते. मग ‘द लेडी ईव्ह’ पाहावा. ‘हिज गर्ल फ्रायडे’ अमेरिकेत प्रताधिकारमुक्त असल्याने इंटरनेटवर सहज मिळतो, म्हणून अनेक जण आधी तोच लावतात आणि संवादांच्या माऱ्याने दमून अर्ध्यावर सोडतात. तो तिसरा ठेवावा, उपशीर्षकांसह पाहावा, आणि शक्य असल्यास काही दिवसांनी उपशीर्षके बंद करून पुन्हा पाहावा. त्यातली वार्ताहर झालेली रोझलिंड रसेल टोपी चढवत, दूरध्वनी खांद्याशी धरून बोलते तेव्हा तिच्या हातांकडे लक्ष द्यायला मग सवड मिळते.