मेडिकलच्या वॉर्डात नवा असशील तर
मेडिकलला ड्युटी लागली ना? मग ऐक. दारू पिणारा, कित्येक दिवस धड न जेवलेला पेशंट झोकांड्या खात, बरळत आला, तर रिपोर्टची वाट बघू नको. थायमिन म्हणजे व्हिटॅमिन बी-१ कमी पडून मेंदूला होणारा वेर्निकेचा आजार असू शकतो. आधी शिरेतून थायमिन, मग ग्लुकोज. शुगर फारच खाली असेल तर दोन्ही सोबत. तुझ्या बोटामागे नजर फिरवायला लाव. बुबुळं थरथरली तर शंका पक्की. नाही थरथरली तरी थायमिन दे, झोकांड्या, बरळणं आणि डोळे ही तिन्ही लक्षणं एकत्र क्वचितच दिसतात.

बी-१२ चं निराळं. शाकाहारी काका, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी, तळपायाला मुंग्या; हिमोग्लोबिन बरं असलं तरी तपासच. लोहही कमी असलं की एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बी-१२ कमी असलं की वाढतो) नॉर्मल येऊन चकवतो. तपासणीचं रक्त बी-१२ च्या इंजेक्शनच्या आधी घे. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड लिहून मोकळा होऊ नको, रक्त सुधारतं पण नसा बिघडतच राहतात. नातेवाईक 'ताकदीची बाटली' मागतीलच, मागू दे.