सेंद्रिय रेणूंना इंद्रियं कुठली?

प्रश्न आला आहे तो असा: "जन्माला येणाऱ्या, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती 'जटिल सेंद्रिय रेणू' सापडल्याचं वाचलं. सेंद्रिय म्हणजे जैविकच ना? मग तिथे जीव आहेत का? आणि अशा ताऱ्याला आदितारा म्हणायचं की भ्रूणतारा?"

नाही, नाही, आणि तिसऱ्याचं मागाहून बघू.

या 'जैविक'ने माझं डोकं उठवलंय. बातम्यांत "अवकाशात जैविक रेणू" ऐकू आलं की घरात लगेच "म्हणजे तिकडे कुणी राहतं?" सुरू. रसायनशास्त्रातलं सेंद्रिय म्हणजे, ढोबळमानाने, कार्बनला हायड्रोजन जोडलेली संयुगं आणि त्यांचं गोत. बाकी काही नाही. भोपाळमध्ये १९८४ साली हजारो माणसं मारणारा मिथाइल आयसोसायनेटसुद्धा सेंद्रियच. भुजंगधारी तारकासमूहात आयरास १६२९३-२४२२ नावाची नवजात ताऱ्यांची जोडगोळी आहे, तिच्याभोवती २०१७ साली हाच रेणू सापडल्याचं जाहीर झालं. आणि युरिया? रसायनज्ञाच्या लेखी तो सेंद्रिय, सेंद्रिय शेतीत मात्र त्याला मज्जाव! 'जटिल'ची कथाही तशीच. खगोलरसायनवाले कार्बन असलेल्या, सहा किंवा जास्त अणूंच्या रेणूला जटिल म्हणतात. मिथेनॉलमध्ये मोजून सहा अणू, बसला पंगतीत. जटा वगैरे काही नाहीत.

आता गंमत. ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे हत्यार, साधन. त्यावरून शरीराचे अवयव, त्यावरून 'ऑर्गॅनिक'. संगीत नाटकात साथीला वाजायचा तो ऑर्गनही याच घरातला. शब्दशः भाषांतर करायचं तर 'सावयव' व्हायला हवं होतं. मराठीत 'सेंद्रिय' आणि 'निरिंद्रिय' ही जोडी का आली? चरकसंहिता उघडा. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहे: "सेन्द्रियं चेतनं द्रव्यं, निरिन्द्रियमचेतनम्." इंद्रियं असलेलं द्रव्य ते चेतन, नसलेलं ते अचेतन. जोडी जशीच्या तशी! परिभाषा घडवणाऱ्याच्या डोक्यात हे वाक्य होतं, असं माझं ठाम मत आहे. "सेंद्रिय हे ऑर्गॅनिकचं निव्वळ भाषांतर" असं एक कोशकार मला ऐकवतात. त्यांनी चरक चाळला नसावा, किंवा चाळून विसरले असावेत. आणि खुद्द इंद्रिय? ते इंद्रावरून. पाणिनीने त्याच्या पाच व्युत्पत्ती दिल्या आणि वर "इति वा" (किंवा असंच काही) म्हणून दार उघडंच ठेवलं. आमच्या कोशकारांना एवढा मोकळेपणा झेपत नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्याची चूक नाही. तो नकळत चरकाचा अर्थ लावतोय. खुद्द युरोपातही सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवच बनवू शकतात असं मानत. जर्मन रसायनज्ञ व्योलरने १८२८ साली प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि त्या समजुतीला तडा गेला. शब्द तेवढा राहिला.

ताऱ्यांच्या जन्मस्थळी तर हा शब्द पारच उघडा पडतो. तारा पेटण्याआधीचा वायू-धुळीच्या ढगाचा गाभा उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड असतो. त्यात मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे धूलिकण. फ्रीझरच्या भिंतीला बर्फ धरावं तसा त्यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड गोठतो. हा पक्का निरिंद्रिय. मग हायड्रोजनचे सुटे अणू त्या बर्फावर इकडून तिकडे सरकत त्याला येऊन चिकटतात. दोन चिकटले की फॉर्मल्डिहाइड, आणखी दोन चिकटले की मिथेनॉल. झाला सेंद्रिय! निरिंद्रियाचा सेंद्रिय झाला तो अंधारात, धुळीच्या कणावर, चार हायड्रोजनांच्या जोरावर. डोळा नाही, कान नाही, इंद्र तर नाहीच नाही.

पुढे आतला तारा तापायला लागला आणि भोवतालची धूळ उणे १७३ अंशांच्या घरात पोचली, की बर्फाचं संप्लवन होतं, म्हणजे न वितळता थेट वायू होतो, आणि इतका वेळ दडलेला माल वायुरूपात बाहेर येतो. तेव्हा तो आपल्या रेडिओ दुर्बिणींना दिसतो. वर सांगितलेल्या आयरास जोडगोळीभोवतीच चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने टिपलेला ग्लायकोलाल्डिहाइड हा शर्करेच्या जातीचा साधा रेणू २०१२ साली जाहीर झाला. तेव्हाही "अवकाशात साखर" म्हणून मथळे झळकले होते. चहात घालायची नव्हे हो.

"मग सेंद्रिय टाकून जैविक म्हणू या" असं सुचवणारे विद्वान आहेत. म्हणजे गळक्या छपराला आणखी एक भोक. शाळेच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असा सरळ शब्द आहे, तो वापरा. "कार्बन मोनॉक्साइडमध्येही कार्बन आहेच की" हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण कार्बनी म्हटल्यावर निदान कुणी तिकडे राहायला तरी जात नाही.

हो, तो तारा. आदितारा म्हटलं की विश्वातला सर्वांत पहिला तारा वाटतो. भ्रूणतारा म्हणा. तो ज्या गाभ्यात वाढतो, तो 'गाभा' तरी कुठून आला? गर्भावरूनच.