४२९४९६७२९७ ही संख्या मूळ नाही, हे कॅल्क्युलेटरशिवाय दाखवता येतं का?

येतं, आणि फळ्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढंच काम आहे. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात मराठी घरांतल्या मुलांना गणित शिकवतो. वरच्या वर्गातल्या मुलांपुढे मी ही संख्या आवर्जून मांडतो.

तिचे दहा अंक विसरा. ती म्हणजे दोनाचा ३२ वा घात अधिक १. दोनाच्या पायावर लिहिली तर १, मग ३१ शून्यं आणि शेवटी १. (जागा धरून ठेवणारं शून्य मुलांना दाखवायला आम्हाला लांब जावं लागत नाही. किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत.)

३, ५, १७, २५७, ६५५३७ या याच घडणीच्या (दोनाचा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत. त्यावरून पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं गणिती फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की या सहाव्या संख्येला ६४१ ने निःशेष भाग जातो.

पण ६४१ च का? सरळ भागत बसायचं तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्यापेक्षा असा विचार करा. प नावाची एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागत असेल, तर प ने भागल्यावर दोनाच्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), म्हणून ६४ व्या घाताची १ येते. त्याआधीच्या कोणत्याच घाताची १ येत नाही. फर्माचंच छोटं प्रमेय सांगतं की दोनाच्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ येते, मग प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. आता उमेदवार उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्यालाच काम झालं! ल्यूकासने १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणलं, तेव्हा तर २५७ आणि ६४१ एवढेच दोन राहिले.

आता भागाकार न करता खात्री. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून, ५ × १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी −१. दोन्हींचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले दोनाचा २८ वा घात, याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी −१६ चालतं, आणि १६ म्हणजे दोनाचा चौथा घात. म्हणजे उणे दोनाचा ३२ वा घात, याची बाकी १. त्यात दोनाचा ३२ वा घात अधिक १ मिळवून बघा: बेरीज १, म्हणजे बाकी १ च राहिली, तेव्हा मिळवलेल्या संख्येची बाकी शून्य. मला ही सिद्धता ऑयलरच्या शोधाइतकीच प्रिय आहे.

दुसरा अवयव ६७००४१७, तोही मूळ. त्यातून १ वजा करून १२८ ने भागा, ५२३४७ येतील.

पुढची संख्या, दोनाचा ६४ वा घात अधिक १, हीसुद्धा मूळ नाही. तिथे मूळ भाजक २५६ च्या पटीत १ मिळवून शोधायचे. सर्वांत लहान २७४१७७ आहे, म्हणजे १०७१ वी पट. तेव्हा त्यासाठी कागद जरा जास्त घेऊन बसा.