प्रोग रॉक अख्खा अल्बम सलग ऐकायची गोष्ट, मग लोक कॉम्पिलेशन का जपतात?

तुम्ही विचारलंय की प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं, अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा असतो, मग त्यातली सुटी गाणी उचलून, कधी कापूनछाटून केलेल्या कॉम्पिलेशन अल्बमवर लोकांचा एवढा जीव का, आणि नवीन माणसाने ते ऐकावेत का. माझं उत्तर, ऐकावेत, आणि आधी तेच ऐकावेत. पण का ते सांगायला मला एका कॅसेटपासून सुरुवात करावी लागेल कारण माझं सगळं मत तिथूनच आलंय.

मी भुसावळची. बाबा रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो आणि आमच्या लाइनीतल्या शेवटच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो इंडियन अंकल होते, मालगाडीवर गार्ड. मी सातवीत असताना ते सगळ्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेले, जाताना सामान वाटून टाकलं, आमच्याकडे एक लोखंडी पलंग आला आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी आल्या. त्यात एक नव्वद मिनिटांची होती, पाठीवर फक्त प्रोग एवढंच लिहिलेलं. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात गाण्यांची नावं, त्यापुढे लाल पेनने प्रत्येक गाण्याची मिनिटं आणि सेकंद, आणि त्याच्याही पुढे तिसऱ्या रकान्यात चालू बेरीज, म्हणजे इथपर्यंत किती टेप संपली ते. गार्ड माणसाला कुठल्या स्टेशनात गाडी किती वाजता आली नि किती मिनिटं उभी राहिली हे लिहायची सवय असते, तसंच ते कार्ड होतं अगदी. साठ आणि सत्तरच्या दशकातले वेगवेगळे इंग्लिश बँड, एकाच्या मागे एक लावलेले. अंकलकडे जुन्या एलपी होत्या, त्यातल्या काही मुळातच कॉम्पिलेशन, त्यावरून त्यांनी हे स्वतःचं केलेलं, म्हणजे कॉम्पिलेशनवरून केलेलं कॉम्पिलेशन.

मे महिन्यात आमच्याकडे ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, रात्री सगळे गच्चीवर झोपायचे, लाइट गेलेली असायची आणि सेलवरचा टू इन वन उशाशी घेऊन मी ती कॅसेट लावायचे. आजी पारोळ्याची, ती अहिराणीत विचारायची, हाई गानं कव्हय सरी व माय? आणि मला खरंच सांगता यायचं नाही, कारण पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं कधी संपतं ते मलाच माहीत नव्हतं. ते होतं किंग क्रिमझन या इंग्लिश बँडचं स्टारलेस, १९७४ च्या रेड अल्बमवरचं. सुरुवातीची चार मिनिटं संथ, मेलोट्रॉनचा, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणाऱ्या पेटीसारख्या वाद्याचा, भरून आलेला आवाज आणि जॉन वेटन गातोय. मग गाणं थांबतं, बास गिटारवर तेरा मात्रांचा एक तुकडा फिरायला लागतो आणि त्याच्यावर रॉबर्ट फ्रिपची गिटार एकच सूर वाजवत राहते, एकच, परत परत, मग थोडा वर चढते, परत तिथेच, परत थोडी वर, मागे ड्रम हळूहळू जवळ येतोय, आणि सातव्या मिनिटाला खट्. टेप संपली.

पाच वर्षं मी ते गाणं तिथपर्यंतच ऐकलं.

आता यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे ते सांगते, पण मध्ये थोडा इतिहास, कारण ही कॉम्पिलेशन मुळात का निघाली ते कळल्याशिवाय त्यांची गोडी कळत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये रेडिओवर वाजायचं ते तीन साडेतीन मिनिटांचं सिंगल. या नवीन बँडची गाणी त्यात बसेनात. एलपी महाग, अनोळखी बँडवर पोरं पैसे कशाला घालतील. तेव्हा सीबीएस कंपनीने १९६८ मध्ये द रॉक मशीन टर्न्स यू ऑन नावाची एक सॅम्पलर एलपी काढली, आपल्या वेगवेगळ्या कलाकारांचं एकेक गाणं घेऊन, किंमत १४ शिलिंग ११ पेन्स, म्हणजे नेहमीच्या एलपीच्या साधारण निम्म्यात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी. ती चालली आणि मग सगळ्यांनीच काढल्या. डेक्काने १९६९ मध्ये वावी झावी काढली, तिच्या नावातच वर्ल्ड ऑफ प्रोग्रेसिव्ह म्युझिक असं होतं. आयलंड कंपनीची नाइस इनफ टू ईट त्याच वर्षीची, आणि तिच्यावर काय आहे बघा, किंग क्रिमझनचं ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन, म्हणजे अंगावर येणारा आरडाओरडा, आणि त्याच एलपीवर निक ड्रेक, जो एवढ्या हळू आवाजात गातो की पंखा बंद करावा लागतो. आज कुठलीही वेबसाइट या दोघांना एका खणात ठेवणार नाही. पण तेव्हा खण पडलेच नव्हते, फोक, जॅझ, ब्लूज, चर्चचा ऑर्गन सगळं एकाच मांडवाखाली चाललं होतं, आणि ही गोष्ट एकट्या बँडचा एकटा अल्बम ऐकून कधीच कळत नाही. ती या स्वस्तातल्या एलपींमध्ये कळते. प्रोग म्हणजे काय हे मला कुठल्याही लेखाने शिकवलं नाही, गाण्यांच्या त्या शेजाराने शिकवलं.

दुसरं म्हणजे कॉम्पिलेशनवर अशी गाणी सापडतात जी दुसरीकडे नसतातच. पिंक फ्लॉइडचं एम्ब्रियो घ्या, १९६८ मध्ये स्टुडिओत केलेलं, कुठल्याच अल्बमवर घेतलं नाही, आणि १९७० मध्ये हार्वेस्ट लेबलच्या पिकनिक नावाच्या दोन एलपींच्या सॅम्पलरवर आलं. त्यानंतर ते परत एलपीवर दिसलं ते थेट १९८३ मध्ये वर्क्स नावाच्या आणखी एका कॉम्पिलेशनवर. मधली तेरा वर्षं ज्याच्याकडे पिकनिक आहे त्याच्याकडेच ते गाणं. किंवा येस बँडने सायमन आणि गारफंकलचं अमेरिका घेतलं, मूळ साडेतीन मिनिटांचं गाणं, त्याचं यांनी साडेदहा मिनिटांचं केलं, मध्ये स्टीव्ह हाउची गिटार अशी काही धावते की मूळ गाणं विसरून जायला होतं. ते लांब रूप पहिल्यांदा आलं १९७२ च्या द न्यू एज ऑफ अटलांटिक या सॅम्पलरवर आणि मग १९७५ मध्ये येसच्याच यस्टरडेज या कॉम्पिलेशनवर. त्यामुळे कॉम्पिलेशन म्हणजे फक्त उष्टंमाष्टं गोळा केलेलं असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं, काही वेळा पहिली पंगतच तिथे बसलेली असते.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, निवडणाऱ्याचा हात. १९७६ च्या सुमारास किंग क्रिमझन बंद पडलेला असताना फ्रिपने स्वतः बसून अ यंग पर्सन्स गाइड टू किंग क्रिमझन केलं, दोन एलपी, सोबत पुस्तिका. त्यात स्किझॉइड मॅन नाहीच! बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं बाहेर ठेवलं, आणि आत घेतलं काय तर आय टॉक टू द विंडचं १९६८ चं घरी टेपवर केलेलं रेकॉर्डिंग, जूडी डायबलच्या आवाजातलं. हा माणूस सांगतोय की तुम्हाला जे माहीत आहे ते राहू द्या, मला जे दाखवायचंय ते बघा. कंपनीने बिझनेससाठी काढलेलं हिट गाण्यांचं गाठोडं आणि हे, दोन्हीला कॉम्पिलेशनच म्हणतात पण दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक.

कापाकापीबद्दल तुम्ही बोललात, तिथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे. पिंक फ्लॉइडचं इकोज नावाचं कॉम्पिलेशन २००१ मध्ये आलं, दोन सीडी, २६ गाणी, एक गाणं दुसऱ्यात मिसळत जातं, सुरुवात आणि शेवट दोन्ही १९६७ च्या पहिल्या अल्बममधल्या गाण्यांनी, म्हणजे त्यांचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट, त्याच्यापासून निघून परत त्याच्यापाशी. फार सुंदर विचार आहे हा. पण त्यात इकोज हे तेवीस मिनिटांचं गाणं कापून साडेसोळाच्या आसपास आणलंय आणि ते इतक्या सफाईने की नवीन माणसाला कळतच नाही काही गेलंय म्हणून. मला ते पटत नाही. जेथ्रो टलचं थिक अ‍ॅज अ ब्रिक म्हणजे १९७२ चा आख्खा अल्बम एकच गाणं, एलपीच्या दोन्ही बाजू भरून, त्याचा तीन मिनिटांचा तुकडा १९७६ च्या त्यांच्या बेस्ट ऑफवर आहे, पण तिथे निदान नावातच एडिट असं लिहिलंय, ऐकणाऱ्याला कळतं की हा घडातला एक फणा आहे, घड नाही.

अंकलची कॅसेट मला इतकी जवळची का ते मला इथे कळतं. तुटलेलं गाणं सांगतं की पुढे अजून आहे. सफाईने कापलेलं गाणं ते लपवतं. गच्चीवर त्या खट् नंतर मी पुढचं मनात वाजवून बघायचे, कधी गिटार अजून वर गेली असेल, कधी सगळं एकदम शांत झालं असेल, कधी वेटन परत गायला लागला असेल. दर वेळी वेगळं. पूर्ण अल्बम हातात असता तर एक दोनदा ऐकून मी ठेवून दिला असता बहुतेक, तेव्हा वयच तसं होतं.

पुण्याला कॉलेजला गेल्यावर सेकंड इयरला एका सीनियरच्या कॉम्प्युटरवर रेडची फाइल सापडली. रूमवर आम्ही तिघी होतो, मी दोघींना सांगितलं बारा मिनिटं माझ्याशी बोलू नका. सातवं मिनिट गेलं आणि खट् झालं नाही. गिटार चढतच राहिली, आणखी दोन मिनिटं जवळजवळ, इतकी ताणली की मी खुर्चीची कड धरून बसले, मग सगळा बँड एकदम उधळला, आणि अगदी शेवटी सुरुवातीची ती संथ चाल परत आली, या वेळी सॅक्सोफोनवर, मागे तो मेलोट्रॉन. मी पाच वर्षांत मनात जेवढे शेवट केले होते त्यातला एकही असा नव्हता. मी रडले, हे सांगायला मला काही वाटत नाही.

सुट्टीत भुसावळला आल्यावर ते कार्ड काढून बघितलं. बाजूवर जागा पंचेचाळीस मिनिटांची, स्टारलेसच्या आधीच्या गाण्यापर्यंत बेरीज ३८.१०, आणि स्टारलेसपुढे लाल पेनने व्यवस्थित १२.१८ लिहिलेलं. म्हणजे बसणार नाही हे त्यांना माहीत होतं. एखादं पाच मिनिटांचं गाणं टाकून बाजू नीट पूर्ण करता आली असती, दुसऱ्या बाजूला त्यांनी तसंच केलंय, सेकंदासकट. इथे मात्र त्यांनी हेच गाणं ठेवलं आणि बेरजेचा रकाना मोकळा सोडला.

तर तुम्ही असं करा. यंग पर्सन्स गाइडची सीडी शोधत बसू नका, गाण्यांची यादी नेटवर मिळेल, त्याच क्रमाने फोनमध्ये लावा, क्रम बदलू नका आणि शफल बंद ठेवा. रायनो कंपनीचा १९९६ चा सुपरनॅचरल फेअरी टेल्स हा पाच सीडींचा संच आहे, त्याची यादी नंतर घ्या, त्यात ब्रिटनबाहेरचे बँडही भेटतील. ज्या गाण्यापाशी तुमचा हात थांबेल त्याचा पूर्ण अल्बम त्याच आठवड्यात ऐका, पुढे ढकलू नका. आणि नाइस इनफ टू ईट रात्री, एकटं असताना, पंखा बंद करून.