तुटला तर जोडा की! (वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं)

प्रश्न : काका नमस्कार. मी सोलापुरात विजापूर रोडला राहते, पुण्याच्या एका कंपनीचं अकाउंट्सचं काम घरून करते. सकाळी ९ ला लॅपटॉप उघडते आणि संध्याकाळी बघते तर एक रिटर्न पण धड पूर्ण झालेलं नसतं. मधे पाणी येतं, गॅसवाला येतो, सासूबाई हाक मारतात, व्हॉट्सअ‍ॅप तर आहेच. यूट्यूबवर बघून पहाटे ५ ला उठायला लागले, आठवड्यात बंद पडलं. माझ्यातच काही कमी आहे का? (नाव छापू नका)

उत्तर : ताई, कमी काही नाही, आणि पहाटेचं बंद पडलं ते बरंच झालं. रात्री १२ ला झोपून ५ ला उठणारा माणूस दिवसभर उठलेला असतो, जागा नसतो. ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या घरी चार दिवसाआड पाणी येत नाही हो, त्यांचं वेळापत्रक आपल्याला कसं बसणार.

माझं लहानपण पूर्व भागात मागाच्या खडखडाटात गेलं. शेजारीच कारखाना, शाळेतून आलो की मी दारात उभा राहून बघत बसायचो. उभा धागा तुटला की कारागीर माग थांबवायचा, नाहीतर चादरीत खोट राहते आणि मग मालकाच्या शिव्या. धागा काय दिवसातून एकदाच तुटतो होय? सारखा तुटायचा, शिवाय धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपायची ती वेगळीच. पण एकही कारागीर मला कधी ‘आज माझं लक्षच लागत नाही’ म्हणून डोकं धरून बसलेला दिसला नाही, तो तुटलेलं टोक शोधायचा, चिमटीत धरून गाठ मारायचा, माग चालू. सगळी कला त्या टोक सापडण्यात होती.

तुमचं टोक सापडत नाही, एवढंच झालंय. तुम्ही पाण्याला उठता, परत येता आणि ‘कुठं होते मी?’ यात १५ मिनिटं जातात, मग कंटाळा येतो, मग हात फोनकडे जातो. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये हेच मांडलं की अर्धवट काम सोडून माणूस दुसरीकडे गेला तरी मनाचा एक भाग मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणजे तुम्ही हंडे भरताना डोक्यात बिलं, आणि बिलं करताना डोक्यात सासूबाईंचं काय राहिलं ते. पुढं २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी दाखवलं की उठायच्या आधी आपण कुठं आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं एवढं लिहून ठेवलं तर हे अडकणं कमी होतं. आमच्या कारागिराला हे कुणी इंग्रजीत सांगितलं नव्हतं, तो भाग वेगळा.

तर लॅपटॉपशेजारी एक साधी वही ठेवा, कुणी हाक मारली की ‘आले’ म्हणायच्या आधी एक ओळ लिहा. अशी : ‘डिसेंबर सेल्स, बिल ४१ पर्यंत झालं, ४२ ची ट्रान्सपोर्टची पावती मागायची.’ दहा सेकंदाचं काम आहे. ‘सेल्स बघणे’ असलं गुळमुळीत लिहिलं तर उपयोग शून्य, नंबर पाहिजे.

दुसरं, पाण्याच्या दिवसाशी भांडू नका. तुमच्या भागाचा दिवस साधारण माहीत असतोच, त्या सकाळी डोकं न लागणारी कामं ठेवा, मेलना उत्तरं द्या, पावत्या स्कॅन करा. महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) ११ तारीख आणि ३बी ची (महिन्याच्या कराचं रिटर्न) २० तारीख तुम्हाला मी सांगायला नको, पण पाणी नेमकं १० ला किंवा १९ ला येणार असेल तर ते काम त्याआधीच उरकायचं ना.

आणि सासूबाईंना वेळ सांगा. त्यांच्या नजरेला तुम्ही खुर्चीत बसलेल्या दिसता, म्हणजे मोकळ्याच, त्यांचा काय दोष. ‘११ ते १ मी ऑफिसात आहे, १ ला आपण बरोबर जेवू’ असं रोज तेच सांगितलं की हळूहळू बसतं. फोन त्या दोन तासात स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर. ऑफिसचा फोन असेल तर आवाज ऐकू येतो की. बाकी गॅसवाला आला आणि मिस्टर घरी असतील तर दार उघडायला त्यांनाही पाय आहेत, हे मी लिहिलंय म्हणून वाचून दाखवा.

प्रश्न : काका, अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन, कामगारांचं काही ना काही. हिशेबाला रात्री ११ ला बसतो, चहावर चहा घेतो तरी चुका होतात. मागच्या महिन्यात एका पार्टीला जुन्या रेटनं बिल गेलं.

उत्तर : शेठ, रात्री ११ ला आकडे चुकणारच, त्यात तुमचा काय दोष नाही, वेळेचा आहे. आणि तो चहा जरा आवरा. चहातलं कॅफिन साधारण पाच तासांनी निम्मं उतरतं, म्हणजे १० चा चहा मध्यरात्री ३ ला अजून निम्मा अंगात, झोप कच्ची, दुसऱ्या दिवशी परत चहा. चक्र आहे सगळं.

हिशेब सकाळी, कामगार यायच्या आधीचा पाऊण तास. एप्रिल-मेमध्ये तर आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखाली दुपारी डोकं चालतच नाही, तेव्हा पॅकिंग बघा, माल मोजा. फोनचं म्हणाल तर पूर्वी गिरणीचा भोंगा वाजला की अख्ख्या गावाला कळायचं, आता कामाची वेळ ठरवून द्यायला कुणी नाही, तुम्हीच भोंगा व्हा. व्यापाऱ्यांना सांगून टाका, रेट सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ५ ला सांगणार. दोन-चार जण कुरकुर करतील, एखादा रुसेल. माल चांगला असेल तर येतो परत.

प्रश्न : काका, बारावी सायन्सला आहे. अभ्यास करायलोय पण टिकंना झालाय. मित्र म्हणतो २५ मिनिटाचा टायमर लाव. करू का? आणि गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) जाऊ का नको? घरचे नको म्हणालेत.

उत्तर : कर की. ही आयडिया फ्रान्सेस्को सिरिलो नावाच्या इटलीच्या माणसाची, १९८० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना त्याचंही तुझ्यासारखंच व्हायचं, म्हणून त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेतला. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी. बसायचाच कंटाळा येतो तेव्हा हे झकास चालतं. पण इंटिग्रेशनचं गणित निम्म्यात आलंय आणि टायमर वाजला तर उठू नको, गणित संपव, २५ हा काय देवाचा आकडा नाही. आणि सुट्टीत रील नको रे बाबा, त्या ५ ची ४५ कधी होतात कळत नाही. गच्चीवर जा, पाणी पी, आईला काहीतरी विचार.

गड्ड्याला जा, घरच्यांना माझं नाव सांग. सगळी जत्रा नको, एक संध्याकाळ होम मैदानावर, आणि सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता चुकवू नको, पांढऱ्या बाराबंदीच्या पोशाखातली माणसं आणि सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) वर्षातून एकदाच असे दिसतात. फक्त निघताना कितवं गणित निम्म्यात आहे ते वहीत लिहून जा.