मे महिना, दोन लेकरं आणि तुमचं भरतकाम

ताई, सुरुवातीला दिवसाचं मोठं वेळापत्रक आखूच नका. नागपुरात पारा ४५ च्या आसपास गेला की बाहेरचं खेळणं सकाळी साडेआठपर्यंतच. मग थेट सूर्य मावळल्यावर.

दुपारी मुलं कूलरसमोर झोपली की तो पाऊण तास तुमचा. पण बहुतेक जणी इथेच चुकतात: भांडी घासायला घेतात. भांडी राहू द्या, आधी सुई हातात घ्या.

- काम लहान घ्या: कापड ताणून धरायची पाच इंची रिंग, सुती कापड, दोनच रंग आणि साखळीचा टाका. सहावारी साडीचा काठ आत्ता नको.
- दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या. लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, फार तर दोन वीत. लांब दोरा गुंततो, चिडचिड होते.
- उठताना सुया मोजून झाकणाच्या डब्यात, डबा वरच्या फळीवर. रांगतं लेकरू असेल तर हे रोजच.

मुलांना पाण्याचा टब दिलात तर तुम्ही तिथेच बसायचं, भरतकाम बाजूला ठेवून. चार बोटं पाणीही धोक्याचं असतं. पन्हं मागायची वाट पाहू नका, थोडं थोडं पाजत राहा.

गाठीचा टाका पुढच्या महिन्यात शिकू.